एका खासदाराचं मत, 385 सदस्यांची मतं

कॉर्कमध्ये राहणाऱ्या, मूळच्या सावंतवाडीकडच्या एका वाचकाने विचारलंय: "गेल्या वर्षी मी फिना गेल पक्षाचा सदस्य झालो. 2017 मध्ये सामान्य सदस्यांनी सायमन कोव्हनींना भरभरून मतं दिली आणि नेते मात्र लिओ वराडकर झाले, हे इथले शेजारी अजून ऐकवतात. उद्या पुन्हा नेता निवडायची वेळ आली तर माझ्या मताला किंमत काय? आयर्लंडमध्ये पक्षाचा नेता नेमकं निवडतं कोण?"

शेजारी खोटं बोलत नाहीत. कॉर्क हा कोव्हनींचा बालेकिल्ला, त्यामुळे ते दुखणं तिथे जरा जास्तच जपलं जातं. पण शेजारी अर्धीच गोष्ट सांगतात.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी डब्लिनजवळच्या एका मतदारसंघात 14 वर्षं एका पक्षाच्या शाखेचं काम करतोय. शाखेचा सचिव झालो, पावसात दारोदार फिरलो, मतमोजणीच्या हॉलमध्ये कठड्याला टेकून उभा राहत मतपत्रिकांची 'टॅली' (मोजणी चालू असताना पक्षांची माणसं धरतात तो अंदाजी हिशेब) धरली. पक्ष कुठला ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की पुढचं सगळं लोक त्याच चष्म्यातून वाचतात.

आता 2017 चा हिशेब. फिना गेलच्या नियमानुसार नेतेपदाच्या मतदानात तीन गट असतात. संसदीय पक्ष, म्हणजे टीडी (डॉइल या कनिष्ठ सभागृहाचे खासदार), सेनेटर आणि युरोपियन संसदेतले सदस्य, यांच्या मतांना मिळून 65 टक्के वजन. सामान्य सदस्यांना 25 टक्के. नगरसेवकांना 10 टक्के. संसदीय पक्षात तेव्हा 73 माणसं होती. त्यांतल्या 51 जणांनी वराडकरांना मत दिलं, 22 जणांनी कोव्हनींना. सदस्यांमध्ये चित्र बरोबर उलटं: कोव्हनी 7,051, वराडकर 3,772. नगरसेवकांत वराडकर 123, कोव्हनी 100. सगळं वजनात बसवलं की वराडकरांचे साधारण 60 टक्के आणि कोव्हनींचे 40.

हे आकडे सगळीकडे छापून आले. पण कागद-पेन घेऊन जरा पुढे जा. 65 टक्के भागिले 73 केलं की एका खासदाराच्या मताचं वजन येतं 0.89 टक्के. मतदान केलेल्या 10,823 सदस्यांमध्ये 25 टक्के वाटले तर एकाच्या वाट्याला येतात 0.0023 टक्के. म्हणजे एक खासदार बरोबर 385 सदस्य. एक खासदार बरोबर जवळपास 20 नगरसेवक. आणि मला सगळ्यात बोलका वाटतो तो हिशेब असा: मतदान केलेल्या त्या 10,823 सदस्यांपैकी एकूण एकाने कोव्हनींना मत दिलं असतं, वराडकरांना सदस्यांतून शून्य मिळालं असतं, तरीही बाकीचे आकडे तेच राहिले असते तर कोव्हनी 49.07 टक्क्यांवर अडकले असते. हरलेच असते! याउलट 51 पैकी फक्त 11 खासदार इकडून तिकडे गेले असते, तर कोव्हनी 50 च्या वर.

कोव्हनींना दहा हजार माणसांची गरज नव्हती. अकरा माणसांची होती.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, मग हा नियमच वराडकरांच्या सोयीचा होता. तेही पुरतं खरं नाही. नियम जुना होता, फक्त प्रत्यक्षात वापरला गेला तो 2017 मध्ये पहिल्यांदा. एंडा केनी 2002 मध्ये नेते झाले तेव्हा मतदान फक्त संसदीय पक्षाचं होतं. जुनी पद्धत ठेवली असती तर वराडकर 51 विरुद्ध 22 असे सरळच जिंकले असते. नगरसेवकांना बाजूला ठेवून खासदारांना निम्मं आणि सदस्यांना निम्मं वजन दिलं असतं, तरी वराडकरांचे 52 टक्के झाले असते. खासदारांचा वाटा 43 टक्क्यांच्या आसपास उतरल्याशिवाय कोव्हनी जिंकत नाहीत. सदस्यांचा कौल मोठा होता, पण खासदारांचा कौल त्याहून एकतर्फी होता. शेजाऱ्यांना हे सांगून बघा. पटणार नाही, पण चहा जरा लांबेल.

खरा प्रश्न पुढे आहे. त्या 51 जणांनी वराडकरांना का निवडलं, आणि कधी? मला आयर्लंडच्या राजकारणात जे काही कळलंय ते या 'कधी'मध्ये आहे.

तेव्हा पक्षाचे नेते आणि पंतप्रधान असलेल्या केनींनी पायउतार होण्याची घोषणा केली 17 मे 2017 रोजी. पोलिस दलातले जागल्या मॉरिस मकेब यांच्या प्रकरणावरून फेब्रुवारीपासूनच त्यांच्यावर दबाव होता, त्यामुळे दोन्ही उमेदवारांना तयारीला तीन महिने मिळाले. घोषणा झाल्यावर पहिल्या दोन दिवसांतच वराडकरांच्या पाठीराख्यांची रांग लागली. सकाळी एक मंत्री, दुपारी दोन राज्यमंत्री, संध्याकाळी तीन सेनेटर. एकदम सगळी यादी कुणी जाहीर केली नाही. दर काही तासांनी एकेक नाव सोडलं, म्हणजे दर बातमीपत्रात नवं नाव. शनिवार उजाडेपर्यंत संसदीय पक्षातलं बहुमत त्यांच्या खिशात होतं. एकाही सदस्याने अजून मत दिलेलं नव्हतं, एकही जाहीर सभा झालेली नव्हती.

कोव्हनी तरीही मैदानात राहिले, आणि डब्लिन, कार्लो, बॅलिनस्लो, कॉर्क अशा चार ठिकाणी दोघांच्या समोरासमोर सभा झाल्या. चांगल्या झाल्या. वराडकरांचा भर 'पहाटे उठून कामाला जाणाऱ्या माणसां'वर होता. कोव्हनी म्हणत होते की डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर स्लीपिंग बॅगेत झोपणाऱ्या माणसाचाही पक्ष आपला असला पाहिजे. ते तेव्हा गृहनिर्माण मंत्री होते, त्यामुळे त्या वाक्याला धार होती आणि ते थोडं त्यांच्यावरही उलटत होतं. सदस्यांना कोव्हनी आवडले ते या सभांमध्ये. पण तोवर निकाल लागून गेला होता.

आता 'का'. आपल्याकडे सवय अशी की नेता कोण हे वरून येतं, आमदारांच्या बैठकीत एका ओळीचा ठराव होतो आणि सगळे अधिकार श्रेष्ठींना. आयर्लंडमध्ये 'वर' कुणी नाही. तिथे नेता ठरवतो मागच्या बाकावरचा, म्हणजे मंत्रिपद नसलेला टीडी, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असते: पुढच्या निवडणुकीत माझी जागा राहील का?

ही भीती समजायला तिथली निवडणूक पद्धत बघावी लागते. डॉइलचे मतदारसंघ तीन, चार किंवा पाच जागांचे असतात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. आपल्या विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची मतं, कोटा, मग दुसऱ्या पसंतीची मतं, असली आकडेमोड रात्री उशिरापर्यंत चालते ना, तीच पद्धत. फरक इतका की तिथे ही मतं सामान्य मतदार देतो. परिणाम असा होतो की टीडीचा सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा त्याच्याच पक्षाचा, त्याच मतदारसंघातला दुसरा उमेदवार असतो. विरोधी पक्षाशी भांडता येतं. स्वतःच्या पक्षातल्या माणसाशी हसतहसत लढावं लागतं. अशा माणसाला नेता कसा हवा असतो? पोस्टरवर ज्याचा चेहरा लावला तर दोन-चार टक्के मतं वाढतील असा. 2017 मध्ये 38 वर्षांचे, टीव्हीवर सफाईने बोलणारे, जनमत चाचण्यांत पुढे असणारे वराडकर तसे वाटत होते. 2016 च्या निवडणुकीत फिना गेल 76 वरून 50 जागांवर आला होता, आणि उरलेल्या पन्नास जणांना तो धक्का विसरता आलेला नव्हता.

याच्या जोडीला पदांचा मोह. टीशक, म्हणजे पंतप्रधान, मंत्री निवडतो, राज्यमंत्री निवडतो, आणि शॅनड या वरिष्ठ सभागृहावर 11 जणांची नेमणूक करतो. (राज्यसभेवर राष्ट्रपतींनी सदस्य नेमण्याची कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडवरूनच घेतली, हे जाता जाता.) म्हणून पक्ष सत्तेत असताना नेता बदलतो तेव्हा खासदाराला उगवता सूर्य लवकर ओळखावा लागतो. पहिल्या दिवशी पाठिंबा देणाऱ्याची आठवण राहते. शेवटच्या दिवशी देणारा गर्दीत हरवतो. वराडकरांच्या गोटाने पहिल्या दोन दिवसांत जी घाई केली तिचं कारण हेच. चाळिसावं नाव जाहीर झाल्यावर एकेचाळिसावा माणूस आपणहून फोन करतो.

मागच्या बाकावरच्यांची ही ताकद नवी नाही. डिसेंबर 1979 मध्ये फिअना फॉइल या दुसऱ्या मोठ्या पक्षात जॅक लिंच यांच्या जागी नेता निवडायचा होता. मंत्रिमंडळातले बहुतेक जण जॉर्ज कॉली यांच्या बाजूने, आणि मंत्र्यांना वाटत होतं की मागचे आपल्यामागे येतीलच. आले नाहीत. चार्ल्स हॉही 44 विरुद्ध 38 ने जिंकले. त्या माणसाने आधीची काही वर्षं देशभर पक्षाच्या जेवणावळींना हजेरी लावत, कोंबडी आणि उकडलेले बटाटे खात, मागच्या बाकावरचा एकेक माणूस जोडला होता.

नंतर हॉहींना खाली ओढायचे प्रयत्नही झाले. त्याला आयरिश लोक 'हीव्ह' म्हणतात. जड ओझं खांदा लावून ढकलतात तसं ढकलणं. ऑक्टोबर 1982 मध्ये हॉहींनी उघड मतदानाचा आग्रह धरला, नाव घेऊन विचारलं तेव्हा 58 जण बाजूने आणि 22 विरोधात. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 1983 मध्ये, गुप्त मतदान झालं आणि तेच अंतर 40 विरुद्ध 33 इतकं आकसलं. माणसं बहुतेक तीच. मधल्या काळात काही भानगडी बाहेर आल्या होत्या हे खरं, पण मतदान उघड की गुप्त या एका गोष्टीने किती फरक पडतो ते बघायचं असेल तर या दोन आकड्यांपलीकडे जायची गरज नाही.

फिना गेलमधला 2010 चा हीव्ह तुम्हाला जास्त उपयोगाचा, कारण त्यातली पात्रं ओळखीची आहेत. रिचर्ड ब्रुटन यांनी केनींविरुद्ध बंड केलं. पक्ष तेव्हा विरोधात होता. केनींनी आपली अख्खी पुढची फळी, म्हणजे सभागृहात पुढच्या बाकावर बसणारे आपले खातेवार प्रवक्ते, बरखास्त केली. बंडखोरांमध्ये कोण कोण होतं? वराडकर होते आणि कोव्हनीही होते. तरुण, हुशार, टीव्हीवर झळकणारी सगळी मंडळी त्या बाजूला. केनींच्या बाजूला फिल होगन नावाचा आकडेबाज आणि ज्यांची नावं डब्लिनच्या पत्रकारांना चटकन आठवणार नाहीत असे ग्रामीण टीडी आणि सेनेटर. 17 जून रोजी गुप्त मतदान झालं, केनी तरले. मतांचा आकडा पक्षाने जाहीरच केला नाही. पुढच्या वर्षी तेच केनी 76 जागा घेऊन पंतप्रधान झाले. हरलेल्या दोन तरुणांनी त्या दिवसापासून एक गोष्ट मनावर घेतली असावी, असा माझा तर्क: पुढच्या वेळी भाषण नंतर, यादी आधी. दोघांपैकी एकाने ती जास्त मनावर घेतली.

यादीबद्दल थोडं अनुभवाचं सांगतो, कारण हे पुस्तकात मिळत नाही. आमच्या पक्षात एकदा नेतेपदाची निवडणूक लागली आणि मला 120 सदस्यांना फोन करायचं काम दिलं. यादीतले नऊ जण वारलेले निघाले, दोघे कॅनडात होते आणि एका बाईंनी मला सांगितलं की त्यांनी 1997 नंतर वर्गणीच भरलेली नाही. ही पक्षाच्या मुख्यालयाची ढिलाई, दुसरं काय. पण खरी गंमत पुढची. आयरिश माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. "तुमचा माणूस चांगला आहे हो," म्हणतो. "मी नक्की विचार करेन," म्हणतो. आपल्या 'बघू या'चा सख्खा भाऊ. सुरुवातीला मी अशा सगळ्यांपुढे बरोबरची खूण केली आणि संध्याकाळी आमच्या प्रमुखांना अभिमानाने 70 टक्के सांगितले. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "किती जण म्हणाले की मी त्याला मत देणार?" त्या शब्दांत म्हणणारे 26 होते. त्यांनी 26 लिहून घेतले. मतदानाच्या दिवशी आमच्या भागातून आमच्या उमेदवाराला साधारण तेवढीच मतं पडली.

खासदारांचंही तसंच असतं. म्हणूनच खाजगीतल्या आश्वासनाला शून्य किंमत आणि जाहीर पाठिंब्याला सोन्याची. कॅमेऱ्यासमोर बोललेला माणूस गुप्त मतदानातही सहसा फिरत नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल, वजनच काढून टाका ना, एक सदस्य एक मत. आहेत तसेही पक्ष. लेबर पक्षात आणि ग्रीन पक्षात सदस्यच नेता निवडतात. ग्रीन पक्षाच्या नियमानुसार सार्वत्रिक निवडणुकीनंतर सहा महिन्यांत नेतेपदाची निवडणूक घ्यावीच लागते. जुलै 2020 मध्ये नव्या सरकारात पक्ष नुकताच सामील झालेला, आणि एमन रायन यांना त्यांच्याच उपनेत्या कॅथरिन मार्टिन यांनी आव्हान दिलं. निकाल 994 विरुद्ध 946. अठ्ठेचाळीस मतांनी एका मंत्र्याचं नेतेपद वाचलं. रायन यांनी 2024 मध्ये नेतेपद सोडलं तेव्हाही रॉडरिक ओगॉर्मन विरुद्ध पिपा हॅकेट ही लढत 984 विरुद्ध 912 अशी सुटली. ज्यांना रोज नेत्याबरोबर सभागृहात बसायचं आहे त्यांच्या मताला तिथे वेगळं वजन नाही. चांगलं की वाईट? माझं मत विचाराल तर छोट्या पक्षाला परवडतं. मोठ्या पक्षात ज्या नेत्यावर दोन तृतीयांश खासदारांचा भरवसा नाही असा नेता सदस्यांनी वर पाठवला, तर पहिला हीव्ह सहा महिन्यांत येतो. आणि नेत्याला काढायचा अधिकार प्रत्यक्षात खासदारांकडेच असतो, हे विसरू नका. निवडणारे एक आणि काढणारे दुसरे असले की घर चालत नाही.

शिवाय एक सदस्य एक मत असलं तरी दाराशी राखणदार असतोच. 2016 च्या निवडणुकीत लेबर पक्ष सात टीडींवर आला. ॲलन केली यांना नेतेपदाची निवडणूक लढवायची होती, सदस्यांमध्ये त्यांना चांगला पाठिंबाही होता. पण अर्जाला अनुमोदक लागतो. अनुमोदन द्यायला एकही सहकारी टीडी पुढे आला नाही. ब्रेंडन हाउलिन बिनविरोध नेते झाले, आणि मतदानाचा हक्क असलेले हजारो सदस्य मतपत्रिकेची वाट बघत घरी बसले. केली शेवटी नेते झाले ते 2020 मध्ये, ओडॉन ओ रिअर्डन यांना हरवून. 2022 मध्ये सहकाऱ्यांनीच भरवसा नाही म्हटल्यावर त्यांना जावं लागलं. त्या वेळी त्यांच्या जागी आलेल्या इव्हाना बॅसिक बिनविरोध.

बिनविरोध या शब्दाकडे नीट बघा. 2016 ते 2024 या काळात तिथल्या सहा मोठ्या पक्षांत मिळून निदान नऊ वेळा नेता ठरला. त्यातल्या निदान पाच वेळा मतदान झालंच नाही: हाउलिन, 2018 मध्ये शिन फेनच्या मेरी लू मॅकडॉनल्ड, बॅसिक, 2023 मध्ये सोशल डेमोक्रॅट्सच्या हॉली केर्न्स आणि 2024 मध्ये फिना गेलचे सायमन हॅरिस. आपल्या गावची ग्रामपंचायत बिनविरोध झाली की लोक 'एकोपा' म्हणतात आणि प्रत्येकाला माहीत असतं की आदल्या रात्री कुणाच्या तरी पडवीत बैठक झाली होती. आयर्लंडमध्येही तसंच.

हॅरिस यांचं उदाहरण तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. 20 मार्च 2024 रोजी वराडकरांनी अचानक राजीनामा जाहीर केला. दोन आठवड्यांपूर्वीच कुटुंब आणि देखभाल या विषयांवरची दोन सार्वमतं सरकार मोठ्या फरकाने हरलं होतं, तरी त्या दिवशी जातील असं कुणाला वाटलं नव्हतं. ज्यांची नावं चर्चेत होती त्या पास्कल डोनोहो, हेलन मॅकेंटी, हेदर हम्फ्रीज आणि स्वतः कोव्हनी यांनी एक-दीड दिवसात 'मी नाही' म्हणून सांगितलं. हॅरिस यांचे फोन त्याआधीच फिरले होते. 24 मार्चला ॲथलोनमध्ये ते एकमेव उमेदवार म्हणून नेते जाहीर झाले. 65, 25 आणि 10 चं ते सगळं गणित कपाटातून काढलंच नाही. सदस्यांचं वजन 25 टक्के असतं, पण निवडणूक झाली तर.

नेता झाला म्हणजे पंतप्रधान झाला, असंही नाही. मधे डॉइल असतं. पंतप्रधानाला डॉइलने नामनिर्देशित करायचं आणि मग राष्ट्रपतींनी नेमायचं. 2017 मध्ये 2 जूनला नेते झालेले वराडकर पंतप्रधान झाले ते 14 जूनला, 57 विरुद्ध 50 मतांनी, आणि 45 जण तटस्थ राहिले. बहुमताला 80 लागत होते, पण विरोधातल्या फिअना फॉइलने करारानुसार तटस्थ राहायचं कबूल केलं होतं म्हणून जमलं. 2024 मध्ये हॅरिस 88 विरुद्ध 69 ने आले. त्यांना मत देणाऱ्यांत फिअना फॉइलचे आणि ग्रीन पक्षाचे टीडी होते, ज्यांना फिना गेलचा नेता निवडण्यात काडीचाही वाटा नव्हता. आमच्यावर न विचारता नवा पंतप्रधान लादला, आता निवडणूकच घ्या, असं विरोधक ओरडले. घटना म्हणते तशी गरज नाही.

कधी कधी दोन खुर्च्यांवर दोन माणसं बसतात. जानेवारी 2011 मध्ये देश दिवाळखोरीच्या कडेला असताना ब्रायन कावेन यांनी फिअना फॉइलचं नेतेपद सोडलं, पण पंतप्रधानपद सोडलं नाही. 26 जानेवारीला टीडींनी मीहॉल मार्टिन यांना नेता केलं, आणि मार्टिन पंतप्रधान नसतानाच पक्षाला घेऊन निवडणुकीला गेले. मागच्या खेपेच्या 78 जागांच्या 20 झाल्या. तेव्हा फक्त खासदारांनी नेता निवडायची पद्धत होती. त्या पराभवानंतर पक्षाने नियम बदलून सामान्य सदस्यांनाही वाटा दिला. घर जळल्यावर विहीर खणली म्हणा, पण खणली.

वराडकर प्रकरणाबद्दल महाराष्ट्रातून त्या आठवड्यात मला बरेच फोन आले. सगळ्यांचा सूर एकच: आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचा पोरगा तिकडे पंतप्रधान झाला, म्हणजे तिकडचे भारतीय एकवटले असतील. भारतीय मतांचा यात काही संबंध नव्हता. वडील वराडकर घराण्यातले डॉक्टर, आई वॉटरफर्ड परगण्यातली आयरिश नर्स, जन्म आणि सगळं आयुष्य डब्लिनमध्ये. 73 खासदारांना हिशेब दिसत होता तो जागांचा. 2015 मध्ये समलिंगी असल्याचं त्यांनी रेडिओवर जाहीर सांगितलं, त्याचाही दोन वर्षांनी खासदारांच्या मतांवर काही परिणाम झालेला मला दिसला नाही. पंतप्रधान असताना 2019 च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह वराडला येऊन गेले, आणि तो दौरा खाजगी होता. मला अभिमान वाटला का? वाटला की. पण अभिमान वेगळा आणि टॅली वेगळी.

आता तुमच्या मताची किंमत. एका गोष्टीत तुमचं नशीब चांगलं आहे. आयरिश नागरिकत्व नसताना तुम्ही तिथे राहत असाल तर स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकता, डॉइलच्या निवडणुकीत नाही. पण बहुतेक पक्षांच्या सदस्यत्वाला नागरिकत्वाची अट नाही. म्हणजे ज्या पंतप्रधानाला मतदार म्हणून निवडता येत नाही, त्याला पक्षाचा नेता करण्यात तुमचा हात असू शकतो. त्यासाठी वर्गणी वेळेवर भरा. नेतेपदाच्या मतदानासाठी आधी किती काळ सदस्य असावं लागतं हे पक्षाच्या नियमावलीत बघून ठेवा, जागा रिकामी झाल्यावर पक्षात शिरणाऱ्यांना सहसा मत मिळत नाही. शाखेच्या वार्षिक सभेला जा. थंडगार हॉल, कडक चहा, बिस्किटं आणि सतरा माणसं. त्या सतरांत एखादा नगरसेवक असतो, ज्याचं मत 2017 च्या हिशेबाने तुमच्या जवळपास वीस पट आहे.

आणि नेता जाणार अशी बातमी कानावर आली, की मतपत्रिकेची वाट बघत बसू नका. तिथला जवळपास प्रत्येक टीडी साधारण आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी, मतदारसंघात लोकांना भेटायला बसतो. त्याला 'क्लिनिक' म्हणतात. घराची तक्रार, पेन्शन, रस्त्यातला खड्डा, सगळं तिथे चालतं. त्या पहिल्या शनिवारी जा. तुम्हाला कोण हवा आणि का, हे दोन मिनिटांत सांगा. शाखेतले आणखी पाच-सहा जण गेले तर टीडी नोंद घेतो, कारण पुढच्या निवडणुकीत त्याची पत्रकं वाटणारे तुम्हीच असता. त्याने अजून कुणाला जाहीर पाठिंबा दिलेला नसेल तर तुमच्या 0.0023 टक्क्यांचे 0.89 होण्याची संधी त्या दोन मिनिटांत आहे. पाठिंबा देऊन झाला असेल तर खड्ड्याचं तरी सांगून या.